कोड वाचणाऱ्यांचं शास्त्र

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊ वाजता न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे संगणक बेफाम खरेदी-विक्री करू लागले. पुऱ्या करायच्या होत्या ग्राहकांच्या फक्त २१२ मागण्या. त्यांच्यापायी पाऊण तासात चाळीस लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर्सची उलाढाल झाली. कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेतल्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, २०१३ मध्ये या प्रकरणी काढलेला आदेश सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नाइटच्या प्रोग्राममध्ये ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. २००३ मध्ये तिचा वापर बंद झाला, पण तिचा कोड तसाच राहिला. एखाद्या मागणीपैकी किती शेअर्स घेऊन झाले, याची मोजणी करणारा एक भाग होता. २००५ मध्ये तो प्रोग्राममध्ये दुसऱ्या जागी हलवला गेला. मागणी पुरी झाल्यावर थांबायचं, हे पॉवर पेगला त्या मोजणीवरूनच कळत असे. मोजणी हलवल्यावर पॉवर पेग नीट चालते का, हे कुणी तपासलं नाही. मग २०१२ साली बाजारात एक नवी योजना यायची होती. तिच्यासाठी नवा कोड लिहिला गेला आणि पूर्वी पॉवर पेग सुरू करण्यासाठी असलेलाच फ्लॅग, म्हणजे कोड चालू-बंद करणारी खूण, त्याला दिला गेला. हा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, एक राहून गेला. दुसऱ्या कुणी ते काम पडताळून पाहिलं नाही.

ग्राहकांच्या मागण्या त्या आठव्या सर्व्हरवर गेल्या, तेव्हा नऊ वर्षं पडून असलेला कोड जागा झाला आणि कुठे थांबायचं हेच त्याला कळेना. बाजार उघडण्यापूर्वी या प्रणालीने आपण होऊन ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते मेल धोक्याचा इशारा म्हणून पाठवले जात नसत, त्यामुळे कुणी त्यांच्यावरून काही केलं नाही. पुढे धावपळीत नव्या कोडवर संशय घेऊन उरलेल्या सात सर्व्हरांवरून तो काढून टाकला गेला आणि आठच्या आठ सर्व्हर जुन्या कोडवर आले.

या सगळ्यात मला २००५ हे साल सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी काहीच बिघडलं नव्हतं. एक साधा बदल झाला आणि त्याचा धागा दुसरीकडे कुठे जोडलेला आहे हे पाहायचं राहिलं. एका ओळीला हात लावला तर आणखी कोणत्या ओळी हलतात, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या देखभालीच्या केंद्रस्थानी आहे. त्याच्या उत्तरासाठी गेली पन्नास वर्षं संशोधन चाललं आहे आणि आपल्या लोकांनाही त्याचा फार जवळून अनुभव आहे.

यंत्राचे भाग झिजतात, कोड झिजत नाही. मग त्याला देखभाल कशाला? लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधल्या मीर लेहमन यांनी आयबीएमच्या लॅस्लो बेलाडी यांच्यासह याचा शोध घेतला. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या त्यांनी अभ्यासल्या. त्यातून १९७४ पासून लेहमन यांचे ‘सॉफ्टवेअर उत्क्रांतीचे नियम’ आकाराला आले. पहिल्या नियमानुसार, खऱ्या जगात वापरला जाणारा प्रोग्राम सतत बदलत राहिला नाही तर दिवसेंदिवस कमी उपयोगाचा होतो, कारण त्याच्याभोवतीचं जग बदलतं. दुसऱ्यानुसार, बदलत जाणाऱ्या प्रोग्रामची गुंतागुंत वाढतच जाते. ती कमी करण्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. बदलल्याशिवाय टिकाव नाही आणि बदलावं तर गुंता वाढतो, अशी ही अडचण आहे.

बेनेट लीन्झ आणि बर्टन स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांच्या संगणक विभागांची पाहणी करून १९८० साली निष्कर्ष मांडले. या विभागांचा जवळपास निम्मा वेळ आधीपासून चालू असलेल्या सॉफ्टवेअरवर जात होता. त्यातही चुका दुरुस्त करण्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. निम्म्याहून अधिक वाटा सुधारणांचा होता, मुख्यतः वापरणाऱ्यांना हव्या असलेल्या. देखभाल म्हणजे आधीच्यांनी केलेली घाण निस्तरणं, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. तरी तो आजही आहे. हिंजवडीत किंवा खराडीत नव्याने लागलेल्या मुलाला ‘सपोर्ट प्रोजेक्ट’ मिळाला की घरच्यांना सांगताना त्याचा आवाज उतरतो. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९७० च्या दशकातच कोड न चालवता तपासणारी साधनं आली. टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये प्रोग्राममधल्या वाटा मोजण्याची पद्धत सुचवली. ‘जर-तर’च्या फाट्यांमुळे एका फंक्शनमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र अशा किती वाटा तयार होतात, याचा तो आकडा. तो दहाच्या वर जाऊ देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. हा आकडा आजही कंपन्यांच्या अहवालांत असतो. मला त्याचं फार कौतुक नाही, कारण कोड जितका लांब तितका बहुधा आकडाही मोठा. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ हा प्रोग्राम लिहिला. सी भाषेतला जो कोड कंपायलर मुकाट्याने स्वीकारतो, त्यातल्या संशयास्पद जागा तो दाखवायचा.

माझ्या मते खरी खोल कल्पना मार्क वायझर यांची होती. त्यांनी १९८१ मध्ये ‘प्रोग्राम स्लायसिंग’ मांडलं. एखाद्या ओळीपाशी एखाद्या व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, किंमत चुकीची दिसते आहे, असं समजा. तिच्यावर ज्यांचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच ओळी प्रोग्राममधून वेगळ्या काढायच्या आणि बाकीच्या नजरेआड करायच्या. ही कल्पना त्यांनी केवळ गणितातून काढली नव्हती. अनुभवी प्रोग्रामर बग शोधताना मनातल्या मनात हेच करतात, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं. यंत्राने काय करावं हे ठरवण्याआधी माणूस कोड कसा वाचतो ते पाहण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

एका ओळीचा धागा कुठे कुठे जोडलेला आहे, हाच प्रश्न १९९० च्या दशकात आपल्या दारात आला. कोबॉल भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांमध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असत. ९९ नंतर ०० येणार आणि ते २००० की १९००, हे प्रोग्रामला कळणार नव्हतं. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या लक्षावधी ओळी तपासायचं काम मुंबईच्या सीप्झमध्ये, पुण्यात आणि देशातल्या इतर शहरांत आलं. दुरुस्ती सहसा अवघड नसे. अवघड असे ते तारीख कुठे कुठे आहे हे शोधणं. ज्याच्या नावात ‘डेट’ आहे ते व्हेरिएबल सापडतं. पण तीच किंमत पुढे दुसऱ्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये जाते, तिथून एखाद्या फाइलमध्ये आणि त्या फाइलमधून तिसऱ्याच प्रोग्राममध्ये. माहितीचा हा प्रवाह धरून ठेवत पुढे जावं लागे. मराठी घरांतल्या कितीतरी मुला-मुलींनी त्या वर्षांत दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात, आपल्या जन्माआधी लिहिलेला कोड ओळ न ओळ वाचून काढला. १ जानेवारी २००० ला फारसं काही घडलं नाही, म्हणून तो सगळा बाऊ होता असं म्हणणारे भेटतात. हा त्या वाचकांवर अन्याय आहे.

माहितीच्या प्रवाहाचा माग काढण्याचं, ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’चं, शास्त्र मुंबईतही घडलं. आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांनी त्यावर दीर्घकाळ संशोधन केलं. माहिती प्रोग्राममध्ये पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दिशांनी वाहते तेव्हा विश्लेषण कसं करायचं, याचा एक सर्वसाधारण सिद्धांत त्यांनी आणि उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे-करकरे यांचा या विषयावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. पुण्यात टाटा उद्योगसमूहाने १९८१ मध्ये टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. तिथेही कोड तपासणाऱ्या साधनांवर काम झालं.

फ्रान्समध्ये पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने १९७७ मध्ये वेगळी दिशा दाखवली. प्रत्येक व्हेरिएबलची नेमकी किंमत शोधत बसायचं नाही. ती कोणत्या मर्यादेत राहील एवढंच पाहायचं. दहा खणांच्या यादीत खणांचे क्रमांक ० ते ९. विश्लेषणातून निघालं की क्रमांक ० ते १२ मधला काहीही असू शकतो, तर धोका आहे. ० ते ७ निघालं तर प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी तिथे चूक होणार नाही, याची ती सिद्धता झाली. जून १९९६ मध्ये एरियान ५ या रॉकेटचं पहिलंच उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला कोड त्याला कारण होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती ३२,७६७ ची मर्यादा ओलांडून गेली. मर्यादांचं विश्लेषण नेमकं अशाच चुका पकडतं. कुझो यांच्या गटाच्या ‘अस्त्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या उड्डाण नियंत्रणाच्या १,३२,००० ओळी तपासल्या आणि अशा प्रकारची एकही चूक त्यांत नाही हे सिद्ध केलं.

मग सगळ्याच कोडचं असं का करत नाहीत? प्रोग्रामच्या वागण्याविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचं उत्तर नेहमी अचूक देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, असं हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केलं होतं. त्यामुळे प्रत्येक साधनाला एक निवड करावी लागते. काही खऱ्या चुका सोडाव्या, नाहीतर काही खोट्या चुका दाखवाव्या. कोव्हेरिटी या साधनाच्या निर्मात्यांनी २०१० मध्ये आपला अनुभव लिहिला. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या पलीकडे गेलं की लोक साधनाकडे पाहेनासे होतात. ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीसारखं मग खऱ्या चुकीकडेही लक्ष जात नाही. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. इशारा समजायला अवघड असला, की तो खरा असूनही प्रोग्रामर त्याला खोटा ठरवतात.

फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लिहिलेला अनुभव याहून बोलका आहे. पीटर ओहर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘इन्फर’ हे साधन सुरुवातीला सगळा कोड रात्रीतून तपासायचं आणि सापडलेल्या चुकांची यादी प्रोग्रामरांकडे जायची. त्या यादीतलं जवळजवळ काहीच दुरुस्त होईना. मग तेच विश्लेषण, तेवढ्याच खोट्या इशाऱ्यांसह, वेगळ्या वेळी चालवलं गेलं. प्रोग्रामरने बदल करून तो सहकाऱ्यांकडे तपासायला पाठवला की त्या बदलाशी संबंधित इशारा तिथेच दिसायचा. दुरुस्तीचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. गणित काडीचंही बदललं नव्हतं. तो कोड ज्याच्या डोक्यात त्या क्षणी ताजा होता, त्याच्यापुढे इशारा गेला, एवढाच फरक. नाइटचे ते ९७ ई-मेल इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मायक्रोसॉफ्टमध्ये नाचिअप्पन नागप्पन, ब्रेंडन मर्फी आणि व्हिक्टर बॅसिली यांनी विंडोज व्हिस्टाचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष छापले. कोणत्या भागात चुका निघतील याचा अंदाज कोडच्या आकारावरून किंवा गुंतागुंतीवरून बांधता येतो. पण तो भाग किती जणांनी हाताळला, त्यातले किती सोडून गेले, ते संस्थेच्या किती वेगवेगळ्या शाखांत बसतात, यावरून बांधलेला अंदाज जास्त बरोबर येतो. कंपन्या दर तिमाहीला माणसं एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर हलवतात, तेव्हा त्याची किंमत कोडमध्ये साठत जाते. ती ताळेबंदात दिसत नाही, हे खरं दुखणं आहे.

काही वर्षांपूर्वी ७८ व्यावसायिक प्रोग्रामरांच्या ३,१४८ तासांच्या कामाची नोंद ठेवून एक अभ्यास झाला. त्यात सुमारे ५८ टक्के वेळ कोड समजून घेण्यात गेलेला आढळला. आता कोड लिहिण्याचं काम यंत्रं झपाट्याने करू लागली आहेत. त्याचा पाया २०१२ मधल्या एका शोधनिबंधात दिसतो. माणसांनी लिहिलेला कोड इंग्रजी गद्यापेक्षाही अधिक ठराविक आणि म्हणून अंदाज बांधता येण्याजोगा असतो, असं अब्राम हिंडल, प्रेम देवनबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवलं होतं. लिहिणं स्वस्त झालं की वाचायचा ढीग वाढणार, आणि तो वाचून जबाबदारी घेणारा माणूस लागणारच.

आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कोऱ्या फाइलपासून सुरू होतो, परीक्षकांसमोर एकदा चालतो आणि तिथेच संपतो. त्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाने पुढच्या जूनमध्ये मुलांना दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीचा प्रकल्प हाती द्यावा. तो आधी चालू करून दाखवायचा. मग ठरवून दिलेली एक सुधारणा करायची, त्या सुधारणेने आणखी काय काय हलतं ते शोधायचं आणि कशाला हात लावला, कशाला मुद्दाम लावला नाही, याचं टिपण पुढच्या तुकडीसाठी लिहून ठेवायचं. गुण त्या टिपणाला द्यावेत, आणि ते पुढच्या तुकडीला कितपत उपयोगी पडलं हे विचारून द्यावेत.