विश्वाची मोजपट्टी

वर फेकलेल्या चेंडूचा वेग पृथ्वीच्या आकर्षणामुळे कमी कमी होत जातो. विश्वाच्या प्रसरणाचेही तसेच होत असावे, असा शास्त्रज्ञांचा समज होता. कारण विश्वातील सारे द्रव्य परस्परांना ओढत असते. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन गटांना मात्र प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. या वाढीच्या अज्ञात कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणतात. नाव मिळाले, तरी उलगडा झालेला नाही.

अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनियल आयझेनस्टाइन यांनी आपले संशोधन या कोड्याला वाहिले. कृष्ण ऊर्जा दिसत नाही. परंतु निरनिराळ्या काळी विश्व किती पसरलेले होते हे मोजता आले, तर तिचा परिणाम कळतो. त्यासाठी लागणारी मोजपट्टी निसर्गानेच तयार ठेवली आहे. आरंभी द्रव्य आणि प्रकाश अतितप्त अवस्थेत एकमेकांत मिसळलेले होते. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत, तसे त्यातून ध्वनितरंग पसरत होते. सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व निवले, प्रकाश द्रव्यापासून सुटला आणि तरंग होते तेथेच थबकले. त्यांच्या कडांवर पुढे दीर्घिका किंचित अधिक निर्माण झाल्या. म्हणून आज एकमेकींपासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेहून थोड्या जास्त आढळतात. हे अंतर विश्वाबरोबर ताणले जात आले आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश फार जुना असल्याने त्या त्या काळची पट्टी आपल्याला वाचता येते.

१९९८ मध्येच आयझेनस्टाइन यांनी वेन हू यांच्यासह या खुणेचे गणित मांडले. पण खूण इतकी पुसट, की हजारो दीर्घिका मोजल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. न्यू मेक्सिकोत ‘स्लोन’ आकाश सर्वेक्षण चालू होते. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर प्रत्येक दीर्घिकेच्या जागी छिद्र पाडायचे, दिवसा ६४० प्रकाशतंतू हातांनी त्यांत बसवायचे आणि रात्री तबकडी दुर्बिणीला जोडून वर्णपट घ्यायचे. वर्णपटावरून दीर्घिकेचे अंतर ठरते. गणिताची थोरवी सांगताना तंतू बसवणारे हे हात सहसा विसरले जातात. २००५ मध्ये ४६,७४८ दीर्घिकांच्या नकाशात ती खूण सापडली. ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीने केलेल्या सर्वेक्षणातही त्याच वर्षी ती आढळली. २०१४ चा शॉ पुरस्कार आयझेनस्टाइन यांना त्या सर्वेक्षणातील शॉन कोल आणि जॉन पीकॉक यांच्यासह मिळाला.

त्यांचा सहभाग असलेला ‘डेसी’ हा प्रकल्प २०२१ पासून ॲरिझोनातील किट पीक येथे सर्वेक्षण करू लागला. तेथे ५,००० तंतू यंत्रमानव काही मिनिटांत जागेवर आणतात. २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या मोजणीचे निष्कर्ष जाहीर झाले. इतर निरीक्षणांशी जोडून पाहता कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असे त्यांतून सूचित होते. पुरावा अद्याप निर्णायक नाही. ती स्थिर असेल, तर विश्व उत्तरोत्तर अधिक वेगाने पसरतच राहील. बदलत असेल, तर त्याच्या भवितव्याचे गणित नव्याने मांडावे लागेल.