विश्लेषण : ‘गंमत केली’ म्हटले की सुटका होते का? बाईच्या शरीरावरील शेरे आणि कायदा

नायिकेला उचलून घेतलेत, तिचे वजन किती होते? ‘अदर्स’ या तमिळ चित्रपटाच्या प्रसिद्धीवेळी एका यूट्यूबरने नायकाला हा प्रश्न विचारला. नोव्हेंबर २०२५मध्ये चेन्नईतील पत्रकार परिषदेत नायिका गौरी किशन हिने त्यावर हरकत घेतली. माझ्या वजनाचा चित्रपटाशी काय संबंध, असे तिने विचारले, तेव्हा समोरच्यांचे आवाज तिच्यावरच चढले. त्याचे व्हिडीओ देशभर फिरले, टीका झाली आणि यूट्यूबरने माफी मागितली. प्रश्न गमतीचा होता, असे त्याचे म्हणणे होते.

ही सबब जुनीच आहे. २०१८च्या राजस्थान विधानसभा निवडणुकीत दिवंगत नेते शरद यादव यांनी वसुंधरा राजे ‘जाड झाल्या आहेत, त्यांना आराम द्या’ अशा अर्थाचे विधान अलवरच्या सभेत केले. राजे यांनी तो अपमान असल्याचे सांगितल्यावर यादव यांचा पहिला खुलासा होता, थट्टेत बोललो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत हेच वाक्य रोज ऐकू येते. पण तक्रार झालीच, तर ‘गंमत केली’ हा बचाव टिकतो का?

‘बॉडी शेमिंग’ कायद्यात कुठे आहे?

हा शब्द कोणत्याही भारतीय फौजदारी कायद्यात नाही. एखादीला ‘ढोली’ किंवा ‘काडी’ म्हणणे हा तेवढ्यावरून स्वतंत्र गुन्हा होत नाही. शेऱ्याला लैंगिक रोख असेल, तर मात्र चित्र बदलते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५नुसार (पूर्वीचे भादंवि ३५४अ) लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी हा लैंगिक छळ आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम ७९ (पूर्वीचे ५०९) स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी उच्चारलेला शब्द, हावभाव किंवा कृती यांना लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. मात्र इथे अपमानाचा उद्देश दाखवावा लागतो आणि ‘माझा तसा हेतू नव्हता’ हा बचाव नेमका इथेच घेतला जातो.

कामाच्या ठिकाणासाठीचा २०१३चा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात तो, वेगळ्या शब्दावर उभा आहे : नकोसे. बोलणाऱ्याला काय म्हणायचे होते यापेक्षा ऐकणारीला ते नकोसे होते का, हे तिथे पाहिले जाते.

तीन महिन्यांत तीन निकाल

२०२५च्या पहिल्या तीन महिन्यांत तीन उच्च न्यायालयांनी या रेषेवर बोट ठेवले.

केरळमध्ये वीज मंडळातील एका महिला कर्मचाऱ्याने सहकाऱ्याविरुद्ध तक्रार केली होती. तिच्या शरीराच्या ठेवणीवर, ‘बॉडी स्ट्रक्चर’वर, तो शेरे मारत होता आणि आक्षेपार्ह मेसेजही पाठवत होता, असा आरोप होता. शरीर छान आहे म्हणणे ही तर स्तुती, तिला लैंगिक अर्थ कसा, असा आरोपीचा युक्तिवाद. जानेवारीत न्यायालयाने तो अमान्य केला आणि प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो, असे सांगत खटला रद्द करण्यास नकार दिला. आरोप सिद्ध झाले असा याचा अर्थ नाही. पण ‘मी तर कौतुकच केले’ एवढे सांगून खटला संपत नाही, हे स्पष्ट झाले.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयासमोर एका मोठ्या आयटी कंपनीचे प्रकरण आले. तीन महिलांच्या तक्रारी होत्या : खुर्चीमागे येऊन उभे राहणे, खांद्याला हात लावणे, कोटासाठी म्हणून अंगाची मापे विचारणे. कामगार न्यायालयाने कंपनीच्या समितीचा अहवाल रद्द केला होता. उच्च न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला. पॉशमध्ये हेतूपेक्षा कृतीला आणि ती समोरच्या बाईपर्यंत कशी पोहोचली याला महत्त्व आहे, असे निकालात म्हटले आहे.

तिसरे प्रकरण पुण्यातले, एका खासगी बँकेचे. २०२२मध्ये प्रशिक्षण सुरू असताना लांब केस सारखे सावरणाऱ्या सहकारी महिलेला वरिष्ठ अधिकारी म्हणाला, केस सांभाळायला जेसीबी वापरत असशील. वर केसांवरचे एक जुने हिंदी गाणेही म्हटले. बँकेच्या समितीने त्याला दोषी धरले, त्याची पदावनती झाली, पुण्याच्या औद्योगिक न्यायालयाने अपील फेटाळले. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. आरोप जसेच्या तसे खरे धरले, तरी हा लैंगिक छळ म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष होता.

या निकालावर सोशल मीडियावर ‘आता जेसीबीचे जोक करायला हरकत नाही’ छापाच्या प्रतिक्रिया आल्या. निकाल असे काही सांगत नाही. पॉश हा लैंगिक छळाचा कायदा आहे आणि हा शेरा त्या व्याख्येत बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आचारसंहितेत गैरवर्तनाचा नियम असेल, तर कंपनीला त्याखाली कारवाई करता येते. अडचण अशी, की बहुतेक ऑफिसांत शरीरावरील शेऱ्यांसाठी पॉशखेरीज दुसरे दारच नाही. त्यामुळे लैंगिक रोख नसलेला, पण चारचौघांत बाईला शरमिंदा करणारा विनोद मोकळा सुटतो.

घरातले टोमणे

घरासाठी नियम वेगळा आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे तक्रार होती ती थोरल्या जावेविरुद्ध. तुझ्या अंगाला आकार नाही, दिराला याहून देखणी मिळाली असती, असे टोमणे ती मारत असल्याचे तक्रारदार महिलेचे म्हणणे होते. सासरच्या नातेवाइकाने मुद्दाम केलेले असे बॉडी शेमिंग प्रथमदर्शनी ४९८अ खालील क्रूरता ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. आता हे कलम न्याय संहितेत ८५ आणि ८६ म्हणून आहे. गंमत म्हणजे, इथे लैंगिक रोखाची अट नाही. ऑफिसात जे सुटू शकते, ते सासरी अडकवू शकते.

मेसेज एकाचा, अ‍ॅडमिन दुसरा

गोंदिया जिल्ह्यात २०१६मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, हात वर केले. गुन्हा अ‍ॅडमिनवरही नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये तो रद्द केला. सदस्याशी संगनमत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही. मेसेज लिहिणारा मात्र जबाबदार राहतोच. मजकूर अश्लील असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

तक्रार कुठे, पुरावा कसा?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापना असेल किंवा तक्रारदार घरकाम करणारी असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

मेसेज आला की आधी तो डिलीट करावासा वाटतो. करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसू द्या आणि मूळ चॅट फोनमध्ये तसेच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसाच. स्क्रीनशॉट कापला, त्यावर लाल गोल काढला, की ठसा बदलतो. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवा, गोल दुसऱ्या प्रतीवर काढा.

समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. शेरे वारंवार होत असतील, तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. तक्रार लेखी हवी, पण लिहिणे जमत नसेल तर त्यासाठी मदत करणे हे समितीचेच काम आहे.