दोन विमानांमधले अंतर

दोन विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याचे हवाई वाहतूक नियंत्रकाकडे दोन मार्ग असतात. उंचीत किमान १००० फुटांचा फरक असेल, तर एक विमान दुसऱ्याच्या वरून बिनधोक जाते. उंची सारखी असेल, तर रडारवर साधारण ३ ते ५ सागरी मैल मोकळे ठेवावे लागतात.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार, तर दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांची उंची नेमून दिली होती. कझाक विमान त्याखाली उतरले. टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसे. या अपघातानंतर भारतात विमानांमध्ये टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.