जीपच्या इंजिनाचीं बेअरिंगें घरीं बदलतांना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ ते १९४५ ह्या वर्षीं, अमेरिकेंतील विलीज व फोर्ड ह्या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. चारही चाकांस इंजिनाची शक्ति पोंचत असल्यामुळें ही गाडी चिखलांत व डोंगरांत सारखीच चाले. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें ती आपल्या देशांत आणिली. अशीच एक जुनी जीप आमच्या घरीं आहे. तिचें इंजिन आम्हीं दोनदां उघडलें. एकदां चुकीच्या रीतीनें व एकदां योग्य रीतीनें. त्यांतून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या इंजिनास चार सिलिंडर असतात. त्यांतील पिस्टन वरखालीं होऊन कनेक्टिंग रॉडच्या द्वारें क्रँकशाफ्ट नांवाचा पोलादी दांडा फिरवितात. हा दांडा तीन मुख्य बेअरिंगांवर टेकलेला असतो. चार रॉडांचीं चार बेअरिंगें निराळीं. प्रत्येक बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल वाट्या. बाहेरून पोलाद व आंतून मऊ धातूचा पातळ थर. कथील, अँटिमनी व तांबें ह्यांच्या अशा मिश्रणास 'बॅबिट' म्हणतात; आयझॅक बॅबिट ह्या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेलांतून आलेला कचऱ्याचा कण ह्या मऊ धातूंत रुतून बसतो आणि मोलाचा दांडा वांचतो.

वास्तविक चालत्या इंजिनांत दांडा व वाटी ह्यांचा स्पर्श होतां कामा नये. त्यांच्यामधील फट एकदोन सहस्रांश इंच, म्हणजे डोक्याच्या केंसाहूनहि कमी असते. फिरणारा दांडा त्या फटींत तेल ओढून घेतो व त्या तेलावरच तरंगतो. फट वाढली कीं तेल निसटतें, दाब उतरतो, आणि चढावर इंजिनांतून 'ठक् ठक्' असा खोल आवाज येऊं लागतो.

तोच आवाज आमच्या गाडींतून आला. पेरणी तोंडावर होती. आम्हीं घाईनें नव्या वाट्या आणून बसविल्या. आठ दिवस गाडी ठीक चालली, आणि पुन्हां तोच आवाज! इंजिन परत उघडून मायक्रोमीटर लावला, तेव्हां एका रॉडखालील दांड्याचा भाग गोल राहिलाच नव्हता. उभ्या व आडव्या मापांत तीन सहस्रांश इंचांचा फरक निघाला. झिजलेल्या दांड्यावर नवी वाटी काय टिकणार? अखेरीस दांडा कारखान्यांत ग्राइंडिंगसाठीं पाठविला, त्या मापाच्या जाड वाट्या आणिल्या, आणि बियाणें भाड्याच्या गाडीनें शेतावर नेलें. मोजण्याचा अर्धा तास वांचविल्याची ती किंमत होती.

कामाचा क्रम येणेंप्रमाणें असावा. इंजिन चेन-कप्पीनें उचलून भक्कम मेजावर ठेवावें. लोंबत्या इंजिनाखालीं कोणीहि हात घालूं नये. तेल काढून ऑइल चेंबर सोडवावें. प्रत्येक कॅप काढण्यापूर्वीं तिजवर खूण करावी, कारण एकीची जागा दुसरीस चालत नाहीं. दांड्याचा प्रत्येक गोल भाग दोन दिशांनीं मोजावा. ग्राइंडिंग होऊन आलेल्या दांड्याच्या तेलाच्या वाटा तारेनें व रॉकेलनें पुनःपुन्हां धुवाव्या. तेथें राहिलेली कुरूंद नव्या वाट्यांस पहिल्याच दिवशीं ओरबाडते. वाटीची पाठ कोरडी ठेवावी व पोटास तेल लावावें. वाटींतील छिद्र तेलाच्या छिद्रासमोर येईल असें पाहावें. मुख्य कॅपचे बोल्ट ६५ ते ७० फूट-पौंड व रॉडचे ५० ते ५५ फूट-पौंड इतके, टॉर्क पान्यानें, थोडे थोडे करून आंवळावे. प्रत्येक कॅपनंतर दांडा हातानें फिरवून पाहावा. अडला तर तेथेंच थांबून कारण शोधावें.

इंजिन गाडींत बसविल्यावर लगेच चालू करूं नये. स्पार्क प्लग काढून, तेलाच्या दाबाचा कांटा हालेपर्यंत तें पुढच्या हँडलनें फिरवावें. आमच्या घरीं हें काम मुलांनीं पाळीपाळीनें केलें. कांटा हालतांच झालेला त्यांचा आनंद पाहून आम्हांस आमच्या पहिल्या घाईची लाज वाटली. पान्याचें काम घरीं होतें, ग्राइंडिंगचें होत नाहीं. आणि कोणतें काम कोठें करावयाचें हें मायक्रोमीटरनेंच ठरवावें, आपल्या उतावीळपणानें नव्हे.