खुराड्यातला दांडा कोणाच्या मापाचा?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायचं ठरलं की सगळा खर्च आणि सगळा विचार जाळी, पत्रा, कडीकोयंडा आणि पाण्याचं भांडं यांच्यावर जातो. रात्री पक्षी कशावर बसणार हा प्रश्न शेवटी उरतो आणि हाताशी असलेला एखादा पाइप किंवा काठी आडवी टाकून तो मिटवला जातो. महाराष्ट्रात ऋतूनुसार रात्र साधारण 11 ते 13 तासांची असते. कोंबडी तिन्हीसांजेला वर चढते ती उजाडेपर्यंत तिथेच असते, म्हणजे तिचं जवळजवळ निम्मं आयुष्य त्या आडव्या काठीवर जातं. या काठीबद्दलच्या आपल्या समजुती दोन ठिकाणांहून आल्या आहेत. काही गावातल्या जुन्या रिवाजातून आल्या, तर काही थंड देशांतला सल्ला जसाच्या तसा उचलल्यामुळे. दोन्हींमागे कारणं होती, पण ती कारणं पत्र्याखालच्या आजच्या खुराड्याला लागू पडतात का, हे कोणी तपासत नाही. माझं म्हणणं असं आहे की दांड्याचं माप कोंबडीच्या पायावरून, छातीच्या हाडावरून आणि आपल्या हवेवरून काढलं पाहिजे. तसं काढलं तर त्यातल्या बऱ्याच समजुती गळून पडतात.

पहिली समजूत अशी की दांडा ही हौस आहे, कोंबडी जमिनीवरही झोपते. ती झोपते हे खरं, पण पर्याय नसतो म्हणून. आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा आजही रात्री झाडावर चढतो, सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही तेच करतो, आणि हजारो वर्षं माणसाळूनही पाळीव कोंबडीची ही ओढ गेलेली नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2000 सालाच्या सुमारास अंड्यांवरच्या कोंबड्यांचं रात्रीचं वागणं बारकाईने पाहिलं. दांडा असेल तर जवळपास सगळ्या कोंबड्या अंधार पडताच त्यावर चढत होत्या. दांडा काढून घेतल्यावर त्या अस्वस्थपणे फिरत राहत. पुढच्या प्रयोगात दांड्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्या वजन लावलेलं दार ढकलून आत गेल्या. जी गोष्ट मिळवण्यासाठी जनावर कष्ट घेतं, तिला हौस म्हणता येत नाही. यावर हमखास येणारा आक्षेप असा की गावाकडे पिढ्यानपिढ्या कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, त्यांचं काय बिघडलं? डालग्याचं काम मुंगूस आणि रानमांजरापासून पक्षी वाचवण्याचं होतं, आणि ते त्याने चोख केलं. पण डालग्याखाली चार-पाच हलके देशी पक्षी असत, विणीतून चहूबाजूंनी वारा खेळे आणि सकाळी डालगं उचललं की खालची जागा झाडून घेतली जाई. सिमेंटच्या कोब्यावर बांधलेल्या बंदिस्त खुराड्यात पंधरा पक्षी महिनोन्महिने एकाच भुशावर बसवले, तर त्यातली एकही अट पाळली जात नाही.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे, कारण ती शास्त्रीय वाटते. कोंबडी पाय दुमडून खाली बसली की पायातल्या शिरा ताणल्या जातात, बोटं आपोआप मिटतात आणि फांदीला कुलूप लागतं, म्हणून दांडा बोटांच्या मुठीत मावेल इतका बारीक आणि गोल हवा, असं सांगितलं जातं. पक्ष्यांच्या बोटांतल्या स्नायुबंधांना धरून ठेवणारी खाचांची रचना असते हे खरं आहे, पण पाय दुमडताच बोटं आपोआप मिटतात हा त्यापुढचा निष्कर्ष तितका पक्का नाही. 2012 साली युरोपातल्या साळुंकीवर्गीय पक्ष्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झोपलेले पक्षी बोटं आवळून न धरता पायाच्या मधल्या गादीवर तोल साधून बसलेले आढळले. कोंबडीचं वजन अशा छोट्या पक्ष्याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे तिच्या बाबतीत तोल आणि टेकण्याची जागा यांचं महत्त्व आणखी वाढतं. दोन-अडीच सेंटीमीटरच्या काठीवर दोन-तीन किलोची वनराज किंवा गिरिराज कोंबडी बसली की तिचा सगळा भार तळव्याच्या एका अरुंद पट्ट्यावर येतो. बोटं आवळून धरावी लागली की तिला ती रात्रभर सोडता येत नाहीत. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवर तर पाय घसरतो आणि बसल्या बसल्या तिला सतत तोल सावरावा लागतो. चार ते सहा सेंटीमीटर रुंदीचा, वरून जवळजवळ सपाट आणि कडा गोल घासलेला दांडा यापेक्षा नक्कीच बरा. करकरीत धारेची चौकोनी पट्टी मात्र नको, कारण ती धारच तळव्याला टोचत राहते. तळव्याला चीर पडून त्यात स्टॅफिलोकॉकस जिवाणू शिरले की पाय सुजतो, आत घट्ट पू साचतो आणि पक्षी लंगडू लागतो. घाण, ओलसर दांडा आणि वरून कडक कोब्यावर मारलेली उडी या दोन्ही गोष्टी या दुखण्याला हातभार लावतात.

आता खरा गंभीर आक्षेप. दांडा दिला की कोंबडीच्या छातीचं हाड वाकतं किंवा मोडतं, म्हणून दांडाच नको, असं काही जाणकार म्हणतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. छातीच्या मधोमध नौकेच्या तळासारखं उभं असलेलं ते हाड कोंबडी दांड्यावर बसली की थेट लाकडावर टेकतं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 साली दाब मोजणारी पट्टी दांड्यावर लावून पाहिलं, तर एका तळव्यापेक्षा छातीच्या हाडावर येणारा कमाल भार कित्येक पटींनी जास्त निघाला. दांडे असलेल्या मोठ्या शेडमध्ये या हाडाचे दोष जास्त आढळतात, हेही अनेक देशांत दिसलं आहे. शिवाय त्या हाडाचं टोक उशिरा पक्कं होतं. तलंग पहिलं अंडं घालते त्या वयातही ते बरंचसं कूर्चेचंच असतं. पण या पुराव्यातून दांडा काढून टाका असा अर्थ निघत नाही. तोच जर्मन अभ्यास सांगतो की टेकण्याची जागा वाढली की दर चौरस सेंटीमीटरचा दाब कमी होतो. स्वित्झर्लंडमध्ये 2015 साली मऊ आवरणाचे दांडे वापरून पाहिले तेव्हा हाडाच्या दुखापतीही घटल्या. म्हणजे दोष दांडा असण्यात नसून त्याच्या घडणीत आहे. दुसरी बाजू अंड्यांची आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीच्या हाडांवर त्याचा जो ताण येतो, तो साठ-ऐंशी अंडी घालून मधे खुडूक बसणाऱ्या देशी कोंबडीवर येत नाही. त्यामुळे परसात जास्त अंड्यांची संकरित जात ठेवली असेल, तर रुंद दांडा आणि खाद्याशेजारी शिंपल्यांचा चुरा या दोन्ही गोष्टी सोबतच हव्यात. मऊ आवरणाचा मोह मात्र घरगुती खुराड्यात टाळावा असं मला वाटतं. दांड्याभोवती गुंडाळलेलं रबर किंवा गोणपाट ओलावा धरतं आणि त्याच्या घड्यांत काय लपतं, ते पुढे येईलच.

रुंदीबद्दल एक उलटी समजूतही पसरली आहे. दहा सेंटीमीटर रुंद फळी आडवी ठेवा, म्हणजे कोंबडी पिसांनी पाय झाकून बसेल, असा सल्ला अमेरिकेच्या उत्तर भागातून आला. तिथे हिवाळ्यात पायाची बोटं गोठून काळी पडण्याचा धोका असतो, म्हणून तिथे तो योग्यच आहे. निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हाही कोरड्या, निरोगी कोंबडीची बोटं गोठत नाहीत. आपला प्रश्न उष्णतेचा आहे. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या पुढे असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि तुरा, गलोल, उघडे पाय यांतून उष्णता बाहेर टाकणं एवढेच मार्ग तिच्याकडे असतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या रात्री पत्र्याखाली हे पाय झाकून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. रुंदी भार पसरवण्यापुरती हवी, ऊब धरण्यासाठी नको. जागेचा हिशेबही याच कारणाने बदलतो. युरोपीय संघाच्या 1999 सालच्या नियमात दर कोंबडीला किमान 15 सेंटीमीटर दांडा, दोन दांड्यांत 30 सेंटीमीटर आणि भिंतीपासून 20 सेंटीमीटर अंतर सांगितलं आहे. पंधरा सेंटीमीटर ही तिथल्या व्यापारी शेडसाठीची किमान मर्यादा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख अंगापासून सैल सोडून बसता यावं, यासाठी 20 ते 25 सेंटीमीटर द्यावेत. भिंतीपासूनचं अंतर तर आपल्याला दोनदा उपयोगी पडतं. शेपटी घासली जात नाही आणि जाळीतून आत येणारा मांजराचा पंजा पक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. रात्री वारा लागेल म्हणून खुराडं चारी बाजूंनी बंद करणं हीदेखील थंडीच्या देशातली भीती आहे. पावसाची झड पक्ष्यांच्या अंगावर येता कामा नये, पण त्यांच्या डोक्यावरच्या पातळीला जाळी उघडी हवीच. ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया दम आणि डोळ्यांचे विकार देतो, आणि कोकणातल्या जुलैत खालचा भुसा काही केल्या सुकत नाही.

उंचीबद्दल सर्रास म्हटलं जातं की जितकं उंच तितकं कोंबडीला आवडतं. आवड खरी आहे, पण ती चढण्यापुरतीच. उतरणं तिला अवघड जातं. पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त उताराची उडी कोंबडीला नीट साधत नाही, असं उड्यांच्या निरीक्षणांतून दिसलं आहे. म्हणजे दांडा 90 सेंटीमीटर उंच असेल, तर पुढे निदान तितकीच मोकळी आडवी जागा हवी, आणि चार फूट रुंदीच्या खुराड्यात भिंतीचं अंतर आणि खाद्याचं भांडं वजा केल्यावर ती उरतच नाही. उतरताना समोरच्या भिंतीवर आदळणं किंवा छातीवर पडणं हेही हाड मोडण्याचं मोठं कारण आहे. जड जातींसाठी 40 ते 50 सेंटीमीटर उंची पुष्कळ झाली. हलक्या देशी पक्ष्यांना थोडी जास्त चालते आणि मधे एक पायरी दिली की प्रश्नच मिटतो. दांडा अंडी घालायच्या खोक्यापेक्षा मात्र वर असावा, नाहीतर पक्षी खोक्याच्या कडेवर झोपतात आणि अंडी घाण होतात. शिडीसारखे एकावर एक दांडे शोभतात, पण वरचे खालच्यांवर विष्ठा टाकतात आणि रोज संध्याकाळी वरच्या जागेसाठी टोचाटोची होते. कोंबड्यांतली मानाची उतरंड नॉर्वेच्या शेल्देरुप-एबे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. ती मोडता येत नाही, पण सगळे दांडे एकाच पातळीवर ठेवले की भांडायला वरची जागाच राहत नाही. पिल्लांना मोठी झाल्यावर दांडा दाखवू, ही चालढकलही महागात पडते. पहिल्या चार आठवड्यांत दांडा मिळालेल्या कोंबड्या पुढे जमिनीवर कमी अंडी घालतात, असं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं. उशिरा शिकलेल्यांना उंचीचा अंदाजच नीट येत नाही. पिल्लांसाठी जमिनीपासून 10-15 सेंटीमीटरवर टाकलेली एक पट्टी पुरते.

राहिला प्रश्न लाकडाचा. बांबू स्वस्त आणि जवळचा, म्हणून तो सर्वांत चांगला, असं मानलं जातं. पोकळ बांबूची कापलेली तोंडं आणि उकललेल्या चिरा म्हणजे रक्त पिणाऱ्या लाल माइटची आणि गोचिडांची हक्काची घरं असतात. हे जीव दिवसा तिथे लपतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या पक्ष्याचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत जातात. त्यामुळे दिवसा कोंबडी उचलून पाहिली तरी अंगावर काहीच सापडत नाही आणि अंडी का घटली याचा शोध खाद्यात घेतला जातो. उबेत माइटची एक पिढी आठवड्याभरात तयार होते आणि पक्षी नसतानाही ते महिनोन्महिने तग धरतात, म्हणून खुराडं थोडे दिवस रिकामं ठेवून भागत नाही. बांबूच वापरायचा तर कोकणातला माणगा किंवा भरीव मेस निवडावा, पेरं रंध्याने किंवा कानशीने सपाट करावीत आणि टोकं उघडी ठेवू नयेत. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दांडा खिळ्यांनी ठोकून बसवू नये. दोन्ही बाजूंना खाच देऊन नुसता ठेवावा, म्हणजे तो उचलून बाहेर नेता येतो. खाचेत दांडा टेकतो ती जागा रात्री टॉर्च लावून पाहावी, माइट सगळ्यांत आधी तिथेच दिसतात. दिसले की दांडा आणि खाच दोन्हींवर उकळतं पाणी ओतावं आणि दांडा कडक उन्हात पुरता वाळवावा. आठवड्याने पुन्हा तेच करावं, कारण अंड्यांतून नवे निघालेले तोवर वाढलेले असतात. दांड्याखाली एक काढता येणारी फळी ठेवून ती रोज सकाळी खरवडली, तर रात्रभराची विष्ठा भुशात मिसळत नाही, अमोनिया कमी राहतो आणि परसातल्या भाज्यांच्या खतखड्ड्याला रोजचा पुरवठा होतो.