न पाहिलेल्या व्हिडिओंचा खर्च

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांवर रेंज येते-जाते, तरी दिवसाचा डेटा दुपारीच संपल्याची तक्रार असते. बहुतेकदा तो आपण न पाहिलेल्या गोष्टींवरच जातो. पुण्यात नोकरीला असलेली मंडळी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतात आणि सेटिंग तशी असेल तर व्हॉट्सॲप ते आपोआप उतरवून घेते. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मोबाइल डेटावरचे हे डाउनलोड बंद करा. ॲपचे अपडेट फक्त वाय-फायवर ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये डेटाची मर्यादाही लावता येते; ती गाठली की फोन स्वतःच मोबाइल डेटा बंद करतो.

इंटरनेट सेवाच नको असेल तर १९२५ या मोफत क्रमांकावरून ती बंद करून घेता येते.

कीपॅडचा साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना मात्र डेटाचे पैसे भरायला लावणे मला अन्यायाचे वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले. एसटी स्टँडजवळच्या दुकानात रिचार्ज मारताना ‘बिनडेटाचा पॅक द्या’ असे स्पष्ट सांगा, आणि महिन्याचा खर्च किती पडतो तेही विचारा.