भाडेपट्ट्यावरील सदनिका : विक्रीचा योग्य काळ कोणता?

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वैशाखरे व त्याच्या आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांचा नोकरी-व्यवसायामुळे नवी मुंबईशी संबंध आला आहे. त्यांपैकी काहींनी तेथे सदनिका घेतल्या. निवृत्तीनंतर कर्ता पुरुष गावी परततो, मुले अन्यत्र स्थायिक होतात आणि सदनिका कुलूपबंद राहते. ती विकावी की ठेवावी, व विकावयाची तर केव्हा, हा प्रश्न मग घरात उभा राहतो. जागेचे भाव वाढतच आहेत, तेव्हा घाई कशाला, असे उत्तर बहुधा दिले जाते. इमारतीखालील जमीन मालकीहक्काची असती, तर हे उत्तर पुष्कळ अंशी पटण्याजोगे ठरले असते. जमीन भाडेपट्ट्याची असेल तेथे मात्र ते अपुरे आहे. ते का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1. पट्ट्याचे स्वरूप

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्टा म्हणजे मोबदला घेऊन ठराविक मुदतीसाठी दिलेला स्थावराच्या उपभोगाचा हक्क. मुदत सरली की हक्क संपतो. पट्टेदाराने विकत घेतलेली वस्तू जमीन नसून वर्षे आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाने आपले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी दिले. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतील भूखंड सामान्यतः 60 वर्षांच्या पट्ट्याने दिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याचे असतात. मुरबाडची औद्योगिक वसाहत हे त्याचे घराजवळचे उदाहरण होय.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत पट्टा बहुधा संस्थेच्या नावे असतो आणि सभासदाकडे भाग व सदनिकेचा भोगवटा एवढेच असते. त्यामुळे मुदतवाढ मिळविणे हे एकट्या सभासदाच्या हातचे नाही, त्यासाठी संस्थेने ठराव करून एकत्रितपणे पैसा भरावा लागतो. शिवाय विक्रीच्या वेळी पट्टा देणाऱ्या संस्थेची संमती व हस्तांतरण शुल्क यांचाही प्रश्न येतो.

सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ ही नोंद पाहिलेल्या शेतकऱ्यास ही स्थिती अगदीच अपरिचित वाटणार नाही. कसणे आपले, परंतु विकण्यास परवानगी लागणार, हा अनुभव कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींच्या बाबतीत त्याने घेतलेला आहे. भेद एवढाच की, तेथे मुदतीचे घड्याळ चालत नाही. पट्ट्याच्या बाबतीत ते अखंड चालते.

2. मुदतीचा ऱ्हास कसा होतो

मुदत निम्मी झाली म्हणजे किंमतही निम्मी होते, ही समजूत चुकीची आहे. दूरच्या वर्षातील उपभोगाचे आजचे मोल अल्प असते. म्हणून आरंभीची वर्षे गेल्याने किंमत फारशी घटत नाही. द. सा. द. शे. 4 हा वास्तव व्याजदर धरला आणि वार्षिक उपभोगाचे मूल्य स्थिर मानले, तर मालकीहक्काच्या घराची किंमत 100 असता पट्ट्याच्या घराची किंमत गणिताने पुढीलप्रमाणे येते : 60 वर्षे शिल्लक असताना सुमारे 90, 30 वर्षे असताना 69, 20 असताना 54, 15 असताना 44 आणि 10 असताना 32.

हेच वार्षिक घटीच्या रूपाने मांडले तर अधिक स्पष्ट होते. 60 वर्षे शिल्लक असताना एका वर्षात किंमत अर्ध्या टक्क्याहूनही कमी उतरते. 30 वर्षे असताना ती जवळजवळ 2 टक्के, तर 15 वर्षे असताना सुमारे 5 टक्के उतरते. भाव स्थिर असते तर दिसली असती अशी ही घट आहे. परिसरातील जमिनीचे भाव तिच्याहून वेगाने वाढत असतील, तोवर ती झाकून राहते व पट्टेदाराला तिची जाणीवही होत नाही.

सिंगापूरमध्ये शासनाने यासाठी एक कोष्टकच वापरात आणले आहे. त्यानुसार 99 वर्षांच्या पट्ट्याचे मूल्य मालकीहक्काच्या 96 टक्के, 60 वर्षांच्या पट्ट्याचे 80 टक्के आणि 30 वर्षांच्या पट्ट्याचे 60 टक्के धरतात. आकडे वरील गणिताहून किंचित निराळे असले तरी वक्राची ठेवण तीच आहे : प्रथम मंद, नंतर तीव्र उतार. तेथील गेलांग भागातील 191 घरांचा 60 वर्षांचा पट्टा 31 डिसेंबर 2020 रोजी संपला, तेव्हा जमीन शासनाकडे परत गेली.

यात एक सूक्ष्म मुद्दा आहे. घरात राहणारा किंवा ते भाड्याने देणारा मनुष्य दरवर्षी त्या मुदतीचा मोबदला भोगतो. त्याच्या बाबतीत घटलेली किंमत म्हणजे वापरलेली वस्तू होय. परंतु कुलूपबंद घराची मुदतही त्याच वेगाने सरते आणि तिच्या बदल्यात हाती काहीच पडत नाही. वर संस्थेची वर्गणी व कर भरावे लागतातच. म्हणून पट्ट्याचे घर रिकामे ठेवणे हा सर्व पर्यायांतील सर्वांत महाग पर्याय होय.

3. गिऱ्हाइकांचे आकुंचन

गणिती वक्र सलग असला तरी बाजारात पायऱ्या असतात. बहुतेक खरेदीदार कर्ज काढून घर घेतात, आणि कर्जफेडीनंतरही पट्टा पुरेसा शिल्लक राहावा अशी सावकार संस्थेची अपेक्षा असते. 20 वर्षांचे कर्ज घेणाऱ्यास 18 वर्षांचा पट्टा उपयोगाचा नाही. त्या पायरीखाली रोख पैसा देणारे गिऱ्हाईकच उरते, व ते भाव पाडून मागते. इंग्लंडमध्ये 80 वर्षांची मर्यादा अशीच महत्त्वाची ठरत आली आहे; कारण मुदत तिच्याखाली गेली की वाढीसाठी द्यावयाच्या रकमेत एक जादा घटक मिळविला जाई. हा घटक काढून टाकण्याची व 990 वर्षांची वाढ देण्याची तरतूद 2024 च्या कायद्यात करण्यात आली. तात्पर्य, पायरी ओलांडल्यावर नव्हे, तर तिच्या काही वर्षे आधी विक्रीचा विचार झाला पाहिजे.

4. मुदतवाढीची आशा

येथवरचे गणित खरे मानले, तर नवी मुंबईतील जुन्या वसाहतींमधील भाव कधीच कोसळावयास हवे होते. 1980 मध्ये दिलेल्या 60 वर्षांच्या पट्ट्याची 2025 मध्ये 15 वर्षेच उरली होती. तरी तशा घरांचे व्यवहार मालकीहक्काच्या घराच्या 44 टक्क्यांवर आलेले दिसत नाहीत. कारण खरेदीदार उरलेल्या वर्षांबरोबर आशाही विकत घेतो : मुदत वाढेल, जमीन मालकीहक्काची होईल, इमारतीचा पुनर्विकास होईल.

ही आशा निराधार नाही. शासकीय जमिनींच्या बाबतीत, अधिमूल्य भरून पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग 1 मध्ये रूपांतरित करण्याचे नियम महाराष्ट्रात 2019 मध्ये झाले. कुळकायद्याच्या जमिनींवरील विक्रीचे बंधनही 2014 च्या दुरुस्तीने सैल झाले. दहा वर्षांनंतर आकारणीच्या 40 पट रक्कम भरून ती विकता येऊ लागली. परंतु शेतजमिनीस लावलेली ही नाममात्र रक्कम शहरी भूखंडास लागू होत नाही. तेथे अधिमूल्य बाजारमूल्याशी निगडित असते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा 99 वर्षांचा पट्टा 2013 मध्ये संपला, तेव्हा कोणी तत्काळ बाहेर काढले गेले नाही; पण प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत राहिला आणि अखेरीस जमिनीचा मोठा भाग सार्वजनिक उद्यानासाठी सोडण्याची तडजोड झाली. पट्टा संपणे म्हणजे बेघर होणे असे नसले, तरी वाटाघाटीत दुसऱ्याच्या अटी मान्य कराव्या लागणे असते.

5. थांबावे की विकावे : एक हिशेब

आशेचे मोल अंकात मांडता येते. समजा, मालकीहक्काच्या सदनिकेची किंमत 100 आहे व आपली सदनिका आज 75 ला जाते. मुदतवाढ झाल्यास अधिमूल्य व खर्च मिळून 12 लागतील. अर्थात निव्वळ 88 मिळतील. तीन वर्षांत वाढ न झाल्यास किंमत 71 वर येईल. दरम्यान घरभाड्याचे निव्वळ 3 दरवर्षी, म्हणजे एकूण 9 मिळतील. उलट आज विकून 75 ही रक्कम 4 टक्क्यांनी गुंतविल्यास तीन वर्षांत सुमारे 84.4 होते.

मुदतवाढीची शक्यता निम्मी धरली तर थांबण्याचे अपेक्षित फळ 88 व 71 यांची सरासरी 79.5 आणि भाडे 9, मिळून 88.5 येते, थांबणे हितावह. शक्यता चतुर्थांश धरली तर तेच फळ 84.25 येते, दोन्ही पर्याय समसमान. आता घर कुलूपबंद आहे असे माना. भाड्याचे 9 गेले की निम्म्या शक्यतेवरही थांबण्याचे फळ 79.5 च उरते आणि विकणे स्पष्टपणे सरस ठरते. आकडे गृहीत आहेत; प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. परंतु निर्णय भावाच्या अंदाजापेक्षा मुदतवाढीची शक्यता व घराचा वापर या दोहोंवर अधिक अवलंबून असतो, हे ध्यानात यावे.

ती शक्यता अजमावण्याचे साधन हाताशीच आहे. संस्थेने मुदतवाढीचा ठराव केला आहे काय, सभासदांची वर्गणी थकलेली आहे काय, मूळ पट्टा नोंदलेला आहे काय, बांधकामात अनधिकृत फेरफार आहेत काय, या चार प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या दप्तरात मिळतात. ती प्रतिकूल असतील, तर शासनाच्या उदार धोरणाचाही लाभ त्या इमारतीस लवकर मिळणे कठीण.

6. कराचा काळ

विक्रीचा काळ ठरविताना आयकराचाही विचार आवश्यक आहे. 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या घरावरील नफा दीर्घकालीन समजला जातो. 23 जुलै 2024 पासून त्यावरील दर 12.5 टक्के करण्यात आला. त्यापूर्वी घेतलेल्या घरांबाबत रहिवासी व्यक्तीस निर्देशांकासह 20 टक्क्यांच्या हिशेबाने येणारा कर कमी असल्यास तेवढाच द्यावा लागतो. नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतविल्यास, विहित मर्यादेत, सूट मिळते. त्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांत घर घ्यावे किंवा तीन वर्षांत बांधावे लागते. गावी घर बांधू इच्छिणाऱ्याने जागेची कागदपत्रे व बांधकामाची परवानगी यांची सिद्धता आधी करून मगच सदनिका विकावी. अन्यथा तीन वर्षांची मुदत परवानग्यांतच सरण्याचा संभव असतो.

7. निष्कर्ष

शिल्लक मुदत 50 वर्षांहून अधिक असेल, तर मुदतीपायी घाई करण्याचे कारण नाही. कुटुंबाची गरज हाच निकष पुरेसा आहे. ती 30 च्या आसपास आली असता संस्थेच्या हालचालींकडे दरवर्षी लक्ष द्यावे व खरेदीदारास कर्ज मिळते आहे तोवर निर्णय घ्यावा. ती 20 च्या खाली गेली असेल, तर विक्री अथवा सामुदायिक मुदतवाढ यांपैकी एका मार्गाला तत्काळ लागावे. आणि मुदत कितीही असो, घर रिकामे ठेवू नये. शेत पडीक ठेवले तरी जमीन जागेवर राहते. पट्ट्याचे घर पडीक ठेवले, तर वर्षागणिक त्याचा एक तुकडा परत मालकाकडे जात असतो.